घरचा रनर

आमच्या काचीगुड्याच्या घरी जुना लॅपटॉप माळ्यावर न टाकता मी गिटहबचा रनर म्हणून लावलाय. कोड पुश केला की चाचण्या घरीच चालतात. राउटरवर पोर्ट उघडावा लागत नाही, रनर स्वतःच ४४३ वरून बाहेर जाऊन "काम आहे का?" विचारतो. ऑफिसातून लॅपटॉप गाठायला वायरगार्ड आहे, तो २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच येतो. मी अगदी निर्धास्त!

परवा भाचीने विचारलं, "मामा, रिपॉझिटरी पब्लिक आहे का?"

होती. म्हणजे कुणा अनोळखी माणसाने फोर्क करून पुल रिक्वेस्ट पाठवली, तर त्याचा कोड आमच्या घरात चालू शकतो. आणि त्याच नेटवर्कवरच्या डिस्कमध्ये आजीचे सगळे फोटो! स्वतःचा रनर खाजगी रिपॉझिटरीलाच जोडा, असं गिटहबने लिहून ठेवलंय, वाचतो कोण? रात्रीच रिपॉझिटरी खाजगी केली. लॅपटॉपला आता वेगळं गेस्ट वायफाय.