मूकनायकाची वर्गणी कोणी भरावयाची?

धम्मदीक्षा घेतलेल्या बंधुभगिनींनो, आपण देव्हारा उतरविला, बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या, मुलांना सिद्धार्थ व यशोधरा अशी नावे दिली. हे सारे उत्तम झाले. आता एका साध्या प्रश्नाचे उत्तर द्या. आपल्या उंबरठ्यावर रोज सकाळी जे वृत्तपत्र येऊन पडते आणि ज्याचे बिल आपण महिनाअखेर बिनतक्रार चुकते करता, त्याच्या कचेरीत आपला माणूस कोणत्या खुर्चीवर बसतो?

२०१९ साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री या संस्थांनी देशातील हिंदी-इंग्रजी वृत्तपत्रे, नियतकालिके व वाहिन्या पाहून नेमका हाच हिशेब मांडला. बातम्यांवर हुकमत चालविणाऱ्या १२१ जागांपैकी १०६ जागांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती-जमातींचा त्यांत एकही नव्हता! तत्पूर्वी १९९६ साली बी. एन. उनियाल यांनी ‘पायोनियर’ पत्रात लिहिले होते की, एका परदेशी बातमीदारास दिल्लीत एक दलित पत्रकार दाखवावा म्हणून शोध घेतला, तो एकही हाती लागला नाही. मधल्या तेवीस वर्षांत राज्ये बदलली, छपाईची यंत्रे बदलली. वरच्या खुर्च्या तेवढ्या बदलल्या नाहीत.

याचे फळ कोणास भोगावे लागते? २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे आपल्याच एका बौद्ध कुटुंबातील माता, कन्या व दोन पुत्र यांची हत्या झाली. मोठ्या पत्रांना तिचे गांभीर्य उमगण्यास आठवड्यांमागून आठवडे लागले. आणि आरंभी जे छापून आले, त्यात मेलेल्या मातेच्याच चारित्र्यावर शिंतोडे होते. त्या लेखण्या धरणारे सगळेच दुष्ट होते असे आम्ही म्हणत नाही. ज्या वस्तीत त्यांचे पाऊल कधी पडले नाही, तिच्याविषयी कोणी सांगेल ते त्यांनी खरे मानले, एवढेच. पण तेवढ्याने किती अनर्थ झाला!

आता दिल्लीच्या एका भगिनीचे उदाहरण घ्या. श्रीमती मीना कोतवाल या दलित समाजातील तरुणीने पत्रकारितेचे शिक्षण घेऊन २०१७ साली बीबीसीच्या हिंदी विभागात प्रवेश मिळविला. आपल्या घरची मुलगी तेथवर पोचली, याहून मोठे भाग्य कोणते, असे आपणांस वाटेल. २०१९ साली त्या तेथून बाहेर पडल्या. आपणांस जातीमुळे वेगळी वागणूक मिळाली असा त्यांनी जाहीर आरोप केला. संस्थेने तो मान्य केला नाही. त्या वादाचा निवाडा करण्यास आम्ही बसलेलो नाही. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते यापुढचे. मीनाताई दुसऱ्या मालकाच्या दारात अर्ज घेऊन तिष्ठत राहिल्या नाहीत. ३१ जानेवारी २०२१ रोजी त्यांनी इंटरनेटवर स्वतःचे वृत्तपत्र सुरू केले आणि त्यास नाव दिले ‘द मूकनायक’. बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ १९२० साली याच तारखेस निघाला होता. दलित, आदिवासी व स्त्रिया यांच्या ज्या बातम्या इतरत्र कोपऱ्यातही येत नाहीत, त्या तेथे हिंदी व इंग्रजीत ठळकपणे येतात.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला, म्हणजे महाडच्या मनुस्मृतिदहनाच्या वर्षदिनी, त्यांनी तो ग्रंथ पुन्हा जाळला. मग धमक्यांचा वर्षाव झाला. पत्र बंद पडले नाही.

धमक्यांनी पत्रे क्वचितच मरतात, वाचकहो. ती उपासमारीने मरतात. आपला इतिहासच पाहा. पहिल्या ‘मूकनायका’स शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले. ‘केसरी’ने तर पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापण्यास नकार दिला. तरीही ते पत्र निघाले, आणि १९२३ साली बंद पडले. ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झाला. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकटे लिहून भरीत आणि वर वर्गणीसाठी लोकांना विनवीत. तेही पत्र १९२९ साली थांबले. आज त्या अंकांच्या प्रती आपण काचेच्या कपाटात ठेवतो. ते चालू असताना वर्गणी थकविणारे कोण होते? ‘केसरी’चे वाचक नव्हेत!

“आता मोबाइलवर सारे फुकट मिळते,” असे कोणी म्हणेल. फुकट मिळते ते कोणीतरी विकत घेतलेले असते. ज्या पत्राचा खर्च सरकारी जाहिरात वा कारखानदाराची थैली भागविते, ते पत्र आपल्या गावच्या पाणवठ्यासाठी त्या दोघांशी भांडेल काय? स्वतंत्र पत्रास वाचकापुढे हात पसरावा लागतो यात त्याची लाज नाही. तो हात रिकामा परत जावा, यात मात्र आपली आहे. (आमच्या या पाक्षिकाची रडकथा येथे सांगत नाही, ती आपणांस तोंडपाठ आहे.)

पैसा नाही, हे उत्तर आम्ही ऐकून घेणार नाही. जयंतीच्या मिरवणुकीत एका रात्रीच्या डीजेवर गल्लीगल्लीतून किती रक्कम उडते, ते मंडळाच्या खजिनदारास विचारा. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यास द्यावा असे सांगितले होते. विसावा राहू द्या. त्या विसाव्याचा विसावा तरी आपण देतो काय? खैरलांजीची बातमी वेळेवर आणि खरी छापणे हे धम्मकार्य नव्हे, असे कोण म्हणेल?

तेव्हा येत्या पौर्णिमेस विहारात वंदना झाली की एक वही फिरवा. डाव्या बाजूस कुटुंबाचे नाव, उजव्या बाजूस त्या घरी येणाऱ्या पत्राचे नाव व त्याचे मासिक बिल लिहा. मग त्याच ओळीत, आपल्या माणसांनी चालविलेल्या एका तरी पत्रास महिन्याकाठी किती देणार तो आकडा, प्रत्येकाने स्वतःच्या हाताने घालावा.