तळघरातील फर्नेस बदलताना

दक्षिण महाराष्ट्रातील एक धान्य व्यापारी जानेवारीत न्यू जर्सीला मुलाकडे मुक्कामास असताना एके पहाटे घर एकाएकी गार पडले. तळघरातील फर्नेस बंद पडली होती. महाराष्ट्रात भट्टी म्हटली की हलवायाची किंवा ओतकामाची डोळ्यांसमोर येते. अमेरिकेच्या थंड प्रदेशात मात्र घराच्या तळाशी उभी असलेली ही लोखंडी पेटी गॅस जाळून हवा तापवते आणि पत्र्याच्या नळांतून ती खोल्याखोल्यांत पोहोचवते. ती थांबली की संसारच थांबतो.

दुपारी तंत्रज्ञ आला. हीट एक्स्चेंजरला तडा गेला आहे, यंत्र एकवीस वर्षांचे झाले आहे, आता नवेच घ्या, असे सांगून त्याने कोटेशन पुढे केले. सही आजच केल्यास सवलत मिळणार होती. घरात सात महिन्यांचे बाळ. मुलगा सही करण्याच्या बेतात होता.

"तडा तू डोळ्यांनी पाहिलास का?" वडिलांनी विचारले.

"नाही अण्णा, पण धोका कशाला पत्करायचा?"

धोका खराच असतो. ज्वाला आणि घरातील हवा यांच्यामध्ये हीट एक्स्चेंजरची पातळ धातूची भिंत असते. ती फुटल्यास कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू घरात शिरू शकतो. म्हणूनच फर्नेस असलेल्या घरात, विशेषतः झोपण्याच्या खोल्यांजवळ, त्याची सूचना देणारा अलार्म चालू स्थितीत हवाच. परंतु ज्याला नवे यंत्र विकायचे आहे, तोच जुन्याचा दोष सांगत असेल, तर पुरावा मागणे हा अविश्वास नव्हे. कॅमेऱ्याने काढलेले छायाचित्र आणि वायूचे मोजमाप मागण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. अण्णांनी फर्नेस आणि तिचा गॅस बंदच ठेवायला लावला, विजेचे दोन हीटर आणवून ते थेट भिंतीतील प्लगला जोडले, सर्वांना एका खोलीत आणले आणि दुसऱ्या दिवशी दुसरा तंत्रज्ञ बोलावला.

तडा खरा निघाला. चुकले होते ते दुसरेच.

पहिल्याने जुन्या यंत्रावरील पाटी वाचून ताशी १,००,००० बीटीयूचेच नवे यंत्र सुचवले होते. मधल्या काळात मुलाने खिडक्या बदलल्या होत्या, माळ्यावर उष्णतारोधक थर घातला होता. दुसऱ्याने खोल्या मोजल्या, भिंती व खिडक्या पाहिल्या आणि तिकडे 'मॅन्युअल जे' नावाने ओळखली जाणारी रीतसर आकडेमोड केली; ६०,००० चे यंत्र पुरेसे होते. रोज दोन पोती माल जाणाऱ्या दुकानाने दहा टनी ट्रक घेऊ नये, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. गरजेहून मोठी फर्नेस चार मिनिटे चालते, थांबते, पुन्हा पेटते. एक खोली तापते, दुसरी गारच राहते आणि यंत्र लवकर झिजते.

कार्यक्षमतेचा हिशेबही कागदावर मांडावा. तिकडे ती 'एएफयूई' या टक्केवारीने सांगतात. ८० म्हणजे जाळलेल्या गॅसपैकी ८० टक्के उष्णता उपयोगी पडली. (नळांच्या फटींतून वाया जाणारी हवा यात धरलेली नसते, त्या फटी आधी बुजवणे बहुधा स्वस्त पडते.) समजा, ८० टक्क्यांच्या यंत्रावर वर्षाला १,५०० डॉलरचा गॅस लागतो. ९५ टक्क्यांच्या यंत्रावर तो सुमारे १,२६३ डॉलरचा लागेल, बचत २३७. दोन यंत्रांच्या किमतीतील फरक २,५०० डॉलर असेल, तर तो भरून निघण्यास साडेदहा वर्षे जातील. मिनेसोटाच्या थंडीत ती मुदत कमी होईल, जॉर्जियात कदाचित यंत्राचे आयुष्यच संपेल. केंद्र सरकारची करसवलतही ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या यंत्रांना उरलेली नाही. राज्याची किंवा गॅस कंपनीची एखादी योजना आहे का, हे तेवढे पाहावे. वातानुकूलन यंत्रही म्हातारे झाले असेल, तर दोन्ही कामे करणाऱ्या हीट पंपाचे दरपत्रक सोबत घेणे शहाणपणाचे.

शून्य व्याजाच्या हप्त्यांचा कागद मात्र दोनदा वाचावा. अशा काही योजनांत ठरलेल्या मुदतीत शेवटचा डॉलर फिटला नाही, तर पहिल्या दिवसापासूनचे व्याज एकदम अंगावर पडते. विक्रेता हप्त्याची रक्कम मोठ्या अक्षरात सांगतो. ही अट कोठे लिहिली आहे, ते ग्राहकाने शोधायचे.

सर्वाधिक दुर्लक्षित बाब धुराड्याची. जुनी फर्नेस आणि गॅसवरील पाणी तापवण्याची टाकी यांचा धूर बहुधा एकाच धुराड्यातून जातो. ९० टक्क्यांवरील फर्नेस आपला थंडावलेला धूर प्लॅस्टिकच्या नळीतून भिंतीबाहेर सोडते. मग त्या रुंद धुराड्यात टाकी एकटी उरते. तिचा थोडका धूर वर चढण्याआधी गार होतो, आतील बांधकाम ओल धरते आणि प्रसंगी वायू घरात उलटतो. म्हणजे ज्या विषाच्या भीतीने जुने यंत्र काढले, तेच दुसऱ्या वाटेने परत येते. पहिल्या कोटेशनमध्ये याचा उल्लेखही नव्हता. दुसऱ्यात धुराड्यात अरुंद धातूची नळी घालण्याचा, नव्या यंत्रातून ठिबकणाऱ्या आम्लयुक्त पाण्याच्या निचऱ्याचा आणि नगरपालिकेच्या परवान्याचा खर्च वेगवेगळा लिहिला होता.

याच घरात आणखी पंधरा वर्षे राहायचे, असे मुलाचे ठरलेले असल्याने ९५ टक्क्यांचे, ६०,००० बीटीयूचे यंत्र घेतले गेले. तीन रात्री सारे एका खोलीत झोपले. पुढच्या आठवड्यात नगरपालिकेचा निरीक्षक धुराड्यातील नळी पाहून गेला.