डॉक्टरांची फी आणि आपला संकोच

परवा ह्यांच्या औषधांची चिठ्ठी नवी करून आणायला आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले होते. दारातच नवा फलक दिसला. तपासणी ३०० रुपये. सात दिवसांत पुन्हा दाखवल्यास फी नाही. फोनवर सल्ला, दुपारी २ ते ३, १५० रुपये. घरी व्हिजिट, मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी नाव नोंदवून, ८०० रुपये. सगळ्यात खाली एक ओळ होती, 'फीची अडचण असेल तर आत आल्यावर मला सांगावे.'

बाकावर बसलेल्या एक ओळखीच्या बाई लगेच म्हणाल्या, "वाचलंत का बाई? आता फोनवर बोलायचेसुद्धा पैसे! मोठ्या डॉक्टरांच्या वेळी असं नव्हतं हो."

मीही मान डोलावली. घरी येऊन ह्यांच्यापुढे तेच पाल्हाळ लावलं. मोठे डॉक्टर म्हणजे आत्ताच्या डॉक्टरीणबाईंचे सासरे. त्यांनी कधी फी तोंडाने मागितली नाही. जाताना कंपाउंडर सांगेल ते द्यायचं. बोलावलं की स्कूटरवरून घरी यायचे, कोणीतरी खाली जाऊन त्यांची बॅग घ्यायची, तपासून झालं की चहा व्हायचा. मुलाच्या दहावीच्या मार्कांचीही चौकशी व्हायची. असं माणूस आता कुठे मिळणार, असं मी बोलत होते आणि बोलता बोलता मला माझे वडील आठवले.

साल १९६१. मी दहा वर्षांची होते. आम्ही तालुक्याच्या गावी राहायचो, वडील कचेरीत कारकून. पावसाळ्यात त्यांना ताप आला. गावातले डॉक्टर दोनदा घरी येऊन गेले. मी रिकामी बाटली घेऊन दवाखान्यात जायची आणि मात्रांच्या खुणांची कागदी पट्टी लावलेलं लाल औषध घेऊन यायची. दोन्ही व्हिजिटचे पैसे वहीवर मांडलेले होते. तिसऱ्या वेळी बोलवायची वेळ आली तेव्हा आई म्हणाली, "आधीचंच द्यायचं राहिलंय. एक तारखेला पगार झाला की बोलावू." चौथ्या रात्री वडिलांना श्वास घेता येईना. शेवटी शेजारचे काका धावत गेले आणि डॉक्टर आले. न्यूमोनिया होता. डॉक्टर आईवर रागावले, "पैशाचं कोणी विचारलं होतं का तुम्हाला?"

खरंच कोणी विचारलं नव्हतं. पण 'पैसे नसले तरी बोलवा' असंही कोणी सांगितलं नव्हतं. वडील वाचले, पण छाती कायमची अधू झाली. आईला मात्र ते तीन दिवस जन्मभर पुरले. डॉक्टरांचा दोष नव्हता, आईचाही नव्हता. न बोललेल्या फीचा होता.

म्हणून म्हणते, फलक असलेलाच बरा. आणि हे काही डॉक्टरीणबाईंनी नवीन काढलेलं खूळ नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम आहेत. त्यांत फी दवाखान्याच्या फलकावर स्पष्ट लिहावी आणि उपचाराआधी सांगावी, असंच म्हटलेलं आहे. आपणच किती दवाखान्यांत असा फलक पाहिलाय ते आठवून बघा. फोनचंही तसंच. मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांत फोनवरच्या सल्ल्याला रीतसर मान्यता आहे, योग्य फी घ्यायची मुभा आहे आणि पावती द्यावी असंही आहे.

आता फोनचा आपल्याला राग का येतो? मी शाळेत होते तेव्हा लग्नाकार्यातसुद्धा कोणीतरी यायचं, "बाई, आमच्या बंड्याचं व्याकरण जरा बघा ना, पाच मिनिटांचं काम आहे." पाच मिनिटांचा तास व्हायचा आणि आपण काही घेतलंय असं कोणाला वाटायचंही नाही. तेव्हा मी कुरकुरायची. आणि आता मीच रात्री साडेदहाला डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारते, "ही गोळी जेवणाआधी की नंतर?" त्यांनाही घर आहे, लहान मुलगी आहे. हे मला फलक लागेपर्यंत सुचलं नाही, याची लाज वाटते.

राहिली व्हिजिट. ह्यांना अर्धांगवायू होऊन तीन वर्षं झाली. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ह्यांना खाली न्यायचं तर खुर्चीत बसवून उचलायला दोन माणसं, मग रिक्षा, परत येताना तेच सगळं. पैशांचा हिशेब केला तर ८०० रुपये जास्त नाहीत आणि ह्यांचे हाल वाचतात ते वेगळेच. गावात नव्या डॉक्टरांपैकी बरेच जण आता घरी येतच नाहीत. एका ठिकाणी विचारलं तर "पेशंटला घेऊन या" एवढं सांगून फोन ठेवला. ज्याला उठता येत नाही त्याला आणायचं कसं?

आणखी एक गोष्ट आमच्या वयात बोलायला हवी. माणूस घरी गेला तर मृत्यूच्या कारणाचा दाखला लागतो. शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरांनी उपचार केले त्यांनी तो फी न घेता द्यावा, अशी जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात तरतूद आहे. पण घरी येणारा डॉक्टरच नसेल तर हा दाखला देणार कोण? दुःखाच्या वेळी घरच्यांनी दारोदार फिरायचं का?

माझी तक्रार आहे ती एकच. आजार काही मंगळवार-शुक्रवार बघून येत नाही. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटसाठी इतर दिवशीही यायची सोय हवी, हवं तर जास्त फी लावून. हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "काकू, अशी नावं किती आहेत तेच मला माहीत नाही. यादी करून द्याल?" आता आमच्या दोन गल्ल्यांमधली यादी मी करतेय. आत्तापर्यंत अकरा नावं झाली. त्यातल्या चौघांना फलकावरची शेवटची ओळ मी स्वतः वाचून दाखवली. कारण अडचण असली तरी ती डॉक्टरांपुढे बोलून दाखवायला आपली माणसं अजूनही संकोचतात, माझ्या आईसारखीच.

तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडे काय पद्धत आहे? एकदा विचारून ठेवा. गरज पडायच्या आधी.