गेटवरच्या कुजबुजीची किंमत

खोपोलीत एखाद्या कारखान्याच्या ऑर्डरी घटल्या की त्याची चाहूल आधी किराणा दुकानदाराला लागते. दर महिन्याला पंधरा किलोचा तेलाचा डबा नेणारं घर एक लिटरच्या पिशवीवर येतं. बदाम, साबणाची मोठी वडी, पोरांची बिस्किटं यादीतून गळतात. साजगावच्या बोंबल्या विठोबाच्या जत्रेत सुकी मासळी घेतली जाते, पण भांड्यांच्या दुकानापुढून बायका नुसती नजर फिरवून पुढे जातात. पगार मात्र पूर्ण जमा झालेला असतो आणि एकाही माणसाला घरी बसवलेलं नसतं. गेटवर कपातीची चर्चा तेवढी चालू असते.

या चर्चेचा खर्च कामगार भरतो आणि तो कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. मला तो अन्याय वाटतो.

टाटांचं वीज केंद्र इथे 1915 साली सुरू झालं. पुढे पोलाद, पाइप, कागद, रसायनं आली. मालक बदलणं, गेट बंद होणं हे या गावाने पुष्कळ पाहिलंय. भूषण स्टीलवर दिवाळखोरीची कारवाई 2017 मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी कंपनी, तिच्या इथल्या कारखान्यासह, टाटा स्टीलकडे गेली. उत्तम गॅल्व्हाच्या दिवाळखोरीचं प्रकरण ऑक्टोबर 2020 मध्ये कंपनी कायदा लवादाने दाखल करून घेतलं, तर आर्सेलरमित्तल निप्पॉन स्टीलच्या योजनेला मंजुरी मिळायला ऑक्टोबर 2022 उजाडला. कारखाने वाचले, हे चांगलंच झालं. पण कागद लवादापुढे पडून असतात तेवढा काळ माणसाने घराच्या स्लॅबचं काय करायचं? मुलीची सोयरीक पक्की करायची की थांबायचं? अशा वेळी परमनंट माणूस सगळं पुढे ढकलतो. मिळतील तेवढ्या डबल पाळ्या करतो, पीएफला हात लावत नाही, गाडीचा हप्ता मुदतीआधी फेडून टाकतो.

ठेकेदारीवरच्या माणसाला बचतीचीही सोय नाही. मध्येच ‘ब्रेक’ मिळतो, त्या दिवसांचं भाडं आणि दूध भिशीतून किंवा बायकोच्या गंठणावर काढलेल्या कर्जातून भागतं. दोघांची भीती एकच, पण एक काटकसर करतो आणि दुसरा कर्जात जातो. मंदीवर बोलणारे या दोघांना एकाच रांगेत बसवतात, ते चूक आहे.

पैशाहून मला जास्त खुपतं ते तोंड बंद होणं. क्रेनची स्लिंग झिजलेली दिसते, ॲसिडच्या टाकीजवळचा कठडा हललेला असतो. पाळीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं. सांगायचं कुणी? सांगणारा कटकट्या ठरतो आणि कटकट्याचा गेटपास पुढच्या महिन्यात होत नाही. ताप अंगावर काढून माणसं तिसऱ्या पाळीला येतात. धाक असला की काम होतं, असं मानणारे अधिकारी मी पाहिलेत. हजेरीपट भरलेला दिसतो एवढंच. थोडक्यात टळलेले अपघात मात्र वहीत चढत नाहीत, आणि एखाद्या दिवशी टळत नाही तेव्हा चौकशी बसते.

कायद्याचं म्हणाल तर, शंभर किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कपातीआधी सरकारची परवानगी लागायची. नव्या औद्योगिक संबंध संहितेने ती मर्यादा 300 वर नेली. म्हणजे खालापूर-कर्जत पट्ट्यातल्या मधल्या आकाराच्या कारखान्यांत परवानगीचा आडोसा गेला. कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात पंधरा दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीतून 45 दिवसांत जमा करायची तरतूद त्याच संहितेत आहे. पंधरा दिवसांत कुठलं कौशल्य येतं, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

व्यवस्थापनाकडून मागणं फार मोठं नाही. ऑर्डरी कमी झाल्या असतील तर ते गेटवरच्या फळ्यावर मराठीत लिहा. ठेका वाढणार आहे की नाही, ते मुदतीच्या महिनाभर आधी लेखी कळवा. वाईट बातमी खरी असली की माणूस दुसरीकडे अर्ज टाकतो, मुलाची फी भरायची सोय बघतो. आणि युनियनच्या मंडळींनी एक काम उद्याच करावं. राज्य कामगार विम्यात, नोकरी गेलेल्या विमेदारासाठी अटल विमित व्यक्ती कल्याण योजना 2018 साली सुरू झाली. 2020 पासून तिच्यात सरासरी पगाराच्या निम्मी रक्कम 90 दिवसांपर्यंत मिळण्याची तरतूद आली. तिच्या अटी, मुदत आणि अर्जाचे कागद विम्याच्या कार्यालयातून नीट विचारून घ्यावेत आणि ठेकेदारांच्या माणसांनाही गोळा करून, पाळी सुटण्याच्या वेळी, वाचून दाखवावेत.