घरी आलेल्या बैलाला मारू नये

आमच्या घरी दोन बैल आहेत. हौश्या आणि नंद्या. नंद्या गरीब आहे. हौश्याचे विचारूच नका.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. बैल नाल्यावर धुतात. सायंकाळी त्यांच्या खांद्याला हळद-तूप लावून पळसाच्या पानाने शेकतात आणि उद्या जेवायला या असे आवतन देतात. यंदा त्या दिवशी बाबा नंद्याला धूत होते. हौश्या बाभळीला बांधलेला होता. त्याने एक झटका मारला आणि दावे सुटले.

मग घरची सगळी माणसे त्याच्या मागे. बाबा बनियनवरच धावले. काका चिखलात पडले, त्यांची एक चप्पल अजून सापडली नाही. काकू सूप हातात घेऊनच आली, ते कशाला ते तिलाच माहीत. आईचे पातळ बोरीच्या काट्याला फाटले. आबाजी धुऱ्यावरून ओरडत होते, "अरे, त्याच्या मांगं धावू नका नं, तो अजून पळते!" पण कोणी ऐकले नाही. गुरुजी सांगतात की बैलाचे डोळे दोन्ही बाजूंना असतात, त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते, फक्त अगदी शेपटीमागचे दिसत नाही. आणि आम्ही सगळे तिथूनच ओरडत होतो.

हौश्या नागपूर-चंद्रपूर रस्त्यावर चढला. कोळशाच्या ट्रकने करकचून ब्रेक मारला. आई मटकन खाली बसली. तिथून तो एकाच्या सोयाबीनमध्ये शिरला. वावरवाले म्हणाले, "कोंडवाड्यात टाकतो याले!" तिथूनही तो पळाला. दिवस बुडाला. आमच्याकडे ताडोबाचे जंगल दूर नाही, वाघ वावरापर्यंत येतात. म्हणून आम्ही परत आलो. कोणी जेवले नाही.

रात्री अंगणात घाटी वाजली. हौश्या आपल्या पायाने आला आणि नंद्याजवळ जाऊन उभा राहिला. बाबा उठले. "पोरं-बायका दिवसभर उपाशी, अन् हा आता येते!" म्हणून त्यांनी त्याला काठीने पाच-सहा वेळा मारले.

मला हे पटले नाही. पळताना मारले असते तर एक वेळ समजलो असतो. पण तो घरी आला तेव्हा मारले. मग त्याला काय वाटेल? घरी गेले की काठी. पुढच्या वेळी तो जंगलातच राहील. काका म्हणतात, मारल्याशिवाय ढोराला कळत नाही. पण त्याला काय कळले ते कोणी विचारले का? कोंडवाड्याचा कायदा इंग्रजांनी १८७१ साली केला. त्यातसुद्धा धरून आणलेल्या ढोराला चारापाणी द्यावे असे लिहिले होते, असे गुरुजी म्हणाले. आमच्या हौश्याला तर उद्याचे आवतन द्यायचे होते.

आणखी एक सांगतो. बाभळीला गाठ मी बांधली होती. मासोळ्या पाहायची घाई होती, म्हणून ढिली बांधली. त्या रात्री मी बोललो नाही. काठी हौश्याला बसली.

खांदशेकणी उशिरा झाली. बाबांनी हात लावला की हौश्या अंग चोरत होता. पोळ्याला त्याने आईच्या हातची पुरणपोळी खाल्ली, बाबांच्या हातची खाल्ली नाही. बाबा पोळी घेऊन बराच वेळ तसेच उभे होते.

— इयत्ता ४ थी