दोन तपासण्यांच्या मधले दिवस

प्रति,
अध्यक्ष, अणुऊर्जा नियामक मंडळ,
नियामक भवन, अणुशक्तीनगर, मुंबई

विषय : रुग्णालयांच्या एक्स-रे व सीटी विभागांत वैद्यकीय भौतिकी साहाय्यकाचे पद



रुग्णालयातल्या एक्स-रे यंत्राची गुणवत्ता तपासणी, म्हणजे विभागात जिला सगळे क्यूए म्हणतात ती, मंडळाच्या नियमांप्रमाणे किमान दोन वर्षांतून एकदा करावी लागते. बाहेरच्या संस्थेची माणसे मीटर घेऊन येतात, मोजमापे घेतात, अहवाल मंडळाच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवर चढतो. यंत्र त्या दिवशी ठीक होते, एवढे त्या अहवालावरून कळते. पुढच्या तपासणीपर्यंत सातशेहून अधिक दिवस जातात आणि यंत्र रोज चालते. या मधल्या दिवसांवर लक्ष ठेवणारा माणूस म्हणजे वैद्यकीय भौतिकी साहाय्यक. आपल्याकडे कर्करोगाच्या किरणोपचार विभागात भौतिकशास्त्रज्ञ असावाच लागतो. निदानाच्या विभागात मात्र साहाय्यकसुद्धा क्वचितच दिसतो.

साहाय्यकाचे काम पहिला रुग्ण आत येण्याआधी सुरू होते. सीटीची ट्यूब तापवून झाली की टेबलावर पाण्याचा फॅन्टम, म्हणजे पाणी भरलेले प्लास्टिकचे गोल भांडे, बरोबर मधोमध बसवायचे, स्कॅन घ्यायचा आणि पडद्यावर पाण्याचा आकडा वाचायचा. सीटीच्या मापात पाणी शून्य आणि हवा उणे 1000. पाण्याचा आकडा शून्याच्या दोन-चार अंक अलीकडे-पलीकडे असला तर बिघडत नाही. रोज एकाच दिशेला सरकत असला तर बिघडते. मूत्रपिंडातली गाठ पाण्याची की भरीव, हे ठरवताना रेडिओलॉजिस्ट याच आकड्यांचा आधार घेतो. आकडे सरकले तरी चित्र नेहमीसारखेच दिसते. रोजची नोंद वहीत असेल तरच हे सरकणे ध्यानात येते.

एक्स-रेच्या खोलीतली कामे याहून साधी आहेत. किरणांचा झोत आखणाऱ्या कॉलिमेटरचा दिवा जेवढा भाग उजळतो तेवढ्यावरच किरण पडायला हवेत. उजेडाच्या चौकोनाच्या कडांना नाणी ठेवून एक एक्स्पोजर दिले की फरक कळतो. ट्यूबपासून 100 सेंमीवर तो 2 सेंमीच्या आत असावा. पाच-दहा मिनिटांचे काम. ते राहिले तर छातीच्या फोटोत फुप्फुसाचा तळ कापला जाऊ शकतो, फोटो पुन्हा काढावा लागतो आणि रुग्णाला डोस दुसऱ्यांदा बसतो. तान्ह्या मुलाच्या बाबतीत तर सेंटिमीटरभर चुकीनेही नको तो अवयव किरणांखाली येतो.

यापेक्षा गंभीर गोष्ट डिजिटल यंत्रांबरोबर आली आहे. फिल्मच्या काळात किरण जास्त झाले की फोटो काळा पडायचा. चूक तिथल्या तिथे टेक्निशियनच्या हातात यायची. डिजिटल डिटेक्टरवर जास्त किरणांनी फोटो बिघडत नाही, उलट दाणे कमी होऊन तो स्वच्छ दिसतो. किरण कमी पडले तर रेडिओलॉजिस्ट तक्रार करतो, जास्त पडले तर कोणीच करत नाही. त्यामुळे कोणाचाही वाईट हेतू नसताना विभागाचा डोस महिन्यामहिन्याने वर चढत राहतो. तो पकडण्याचा मार्ग एकच : यंत्राने नोंदवलेले एक्स्पोजरचे आकडे दर महिन्याला काढून मागच्या महिन्यांशी ताडून पाहणे, आणि टाकून दिलेले फोटो कोणते व का, हे मोजणे. दिवसभर रांग उपसणाऱ्या टेक्निशियनकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेचेही असेच. लेड अ‍ॅप्रन घडी घालून खुर्चीवर टाकला की आतल्या शिशाच्या थराला भेगा जातात आणि वरून त्या दिसत नाहीत. अ‍ॅप्रन फ्लुरोस्कोपीखाली धरून त्या शोधाव्या लागतात. टीएलडी बॅजमधल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या तापवल्यावर प्रकाश देतात आणि त्यावरून डोस कळतो. पण बॅज अ‍ॅप्रनच्या आत छातीवर लावलेला असेल तरच तो आकडा माणसाचा असतो. खोलीत विसरलेला बॅज खोलीचा आकडा सांगतो. वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्टची मर्यादा पाळली जाते की नाही, हे शेवटी या सवयींवर अवलंबून आहे.

आज ही सगळी जबाबदारी कागदावर किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याची असते, आणि तो बहुतेकदा त्याच विभागातला रेडिओलॉजिस्ट किंवा टेक्निशियन असतो. त्याचे मूळ काम सुटत नाही, म्हणून हे मागे पडते. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा पदविका अभ्यासक्रम 1962 पासून चालू आहे, परंतु तिथून तयार होणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांची मुख्य गरज किरणोपचाराला लागते. वर सांगितलेल्या दैनंदिन कामांना भौतिकशास्त्राचा पदवीधर, नीट प्रशिक्षण देऊन, पुरेसा आहे. त्याच्यावर देखरेख भौतिकशास्त्रज्ञाची असावी.

सीटी किंवा कॅथलॅब असलेल्या प्रत्येक रुग्णालयात असे एक पद मंडळाने बंधनकारक करावे. लहान रुग्णालयांसाठी जिल्ह्याला एक भौतिकशास्त्रज्ञ आणि त्याच्या हाताखाली फिरते साहाय्यक पुरतील. आणि परवान्याचे नूतनीकरण करताना दोन वर्षांच्या क्यूए अहवालासोबत पाण्याच्या फॅन्टमची रोजची वही, डोसची मासिक नोंद आणि अ‍ॅप्रन तपासल्याच्या तारखा मंडळाने मागाव्यात.