सहीपलीकडची लेखणी

बँकेत काम करणाऱ्या माणसाइतके लेखन क्वचितच दुसरा कोणी करीत असेल. अर्जांवरील शेरे, मंजुरीच्या टिपण्या, तपासणी अहवालांची उत्तरे, ग्राहकांना पाठवायची पत्रे आणि या सर्वांखाली सही. पूर्वी जाडजूड खतावण्यांतून चालणारे हे लेखन आता संगणकाच्या पडद्यावर आले, इतकाच काय तो फरक. मात्र दिवसभर लिहिणारा हा माणूस स्वतःचे असे काही लिहीत नाही. कारण विचारावे, तर उत्तर ठरलेले असते : "लिहायचे आहे हो, पण निवृत्तीनंतर. नोकरीत कुठले जमायला?" काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या ग्राहकाचे उत्तरही याहून फारसे निराळे नसते. दुकान मुलाच्या हाती सोपवले की, मुलीचे लग्न पार पडले की, घराचे हप्ते फिटले की त्याचे लेखन सुरू व्हायचे असते.

नोकरी आणि लेखन यांचे असे वैर खरोखरच आहे काय? जबलपूरला बदली होऊन आल्यानंतर एका गाण्याने मला या प्रश्नाचा नव्याने विचार करावयास लावले.

जबलपूरपासून काही मैलांवर भेडाघाट आहे. नर्मदा येथे संगमरवरी कड्यांच्या अरुंद घळीतून वाहते. १९६० साली प्रदर्शित झालेल्या 'जिस देश में गंगा बहती है' या चित्रपटातील 'ओ बसंती पवन पागल' हे गीत याच कड्यांवर चित्रित झाले आहे. दिग्दर्शक राधू कर्मकार, संगीतकार शंकर-जयकिशन आणि स्वर लता मंगेशकरांचा. आजही येथील नावाडी पर्यटकांना त्या चित्रीकरणाच्या जागा अभिमानाने दाखवतात. गाणे पूर्वी अनेकदा ऐकलेले होते; परंतु ते कोणी लिहिले, याकडे लक्ष गेले ते भेडाघाट पाहिल्यानंतरच. गाण्यातील वारा, विनवणी आणि समोरचे पांढरे कडे यांची अशी सांगड घालणारा हा कवी आपले पोट कशावर भरत होता, हा प्रश्न हिशेबात मुरलेल्या मनाला पडल्यावाचून राहिला नाही.

गीतकार शैलेंद्र हे मुळात रेल्वेचे कामगार. मुंबईत माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये ते शिकाऊ म्हणून लागले. दिवसा यंत्रांचा खडखडाट आणि कामाचे तास संपले की कविता, असा त्यांचा क्रम होता. देशाची फाळणी नुकतीच झालेली. होरपळलेल्या पंजाबवरील त्यांची एक कविता राज कपूर यांनी एका कार्यक्रमात ऐकली आणि ती आपल्या चित्रपटासाठी मागितली. शैलेंद्रांनी नकार दिला. आपली कविता विकाऊ नाही, अशी त्यांची भूमिका होती. पुढे संसारात पैशांची नड निर्माण झाली, तेव्हा ते स्वतःच राज कपूर यांच्याकडे गेले आणि 'बरसात' (१९४९) या चित्रपटासाठी त्यांनी दोन गीते लिहिली. मोबदला मिळाला पाचशे रुपये. हिंदी चित्रपटगीतांच्या एका थोर पर्वाचा प्रारंभ असा घडला.

ही हकीकत सांगताना बहुतेकांचा भर त्यांच्या पुढील यशावर असतो. मला मात्र त्यांचा तो पहिला नकार अधिक मोलाचा वाटतो. एका कामगाराला चित्रपट निर्मात्याला 'नाही' म्हणण्याचे बळ कोठून आले? स्वभावातील ताठा आणि राजकीय निष्ठा ही कारणे तर होतीच. पण महिन्याच्या महिन्याला हाती पडणारा तुटपुंजा का होईना पगार, हेही एक कारण असले पाहिजे, असे मला वाटते. वर्कशॉपने त्यांची चूल पेटती ठेवली होती, म्हणून कवितेवर चूल पेटवण्याची सक्ती नव्हती. नोकरी लेखनाचे स्वातंत्र्य हिरावून घेते, असे आपण समजतो. वस्तुतः छंद म्हणून लिहिणाऱ्याला ते स्वातंत्र्य पुष्कळदा नोकरीच मिळवून देते. त्याला संपादकाची मर्जी सांभाळावी लागत नाही, खपाची चिंता वाहावी लागत नाही. जे सांगायचे आहे तेवढेच आणि तसेच तो लिहू शकतो.

शैलेंद्रांच्या आयुष्याचा उत्तरार्धही याच संदर्भात विचारात घ्यावा असा आहे. फणीश्वरनाथ रेणू यांच्या कथेवर 'तीसरी कसम' हा चित्रपट त्यांनी स्वतः निर्माता होऊन काढला. तो लांबत गेला, खर्च वाढत गेला आणि १९६६ साली पडद्यावर आल्यावर चालला नाही. कर्जाच्या ओझ्याखाली असतानाच त्याच वर्षी १४ डिसेंबर रोजी वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढे त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले. परंतु ते पाहण्यास ते राहिले नव्हते. कलेसाठी धोका पत्करणाऱ्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. तरीही कर्जखात्यांशी रोजचा संबंध असणाऱ्या माणसाला एवढे म्हणावेसे वाटते की, मनातील आवडीवर संसाराचे सारे भांडवल लागले की त्या आवडीवर फार मोठा भार येतो. छंद छंदच राहिला, तर तो तोट्यात जात नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण याच जबलपूरचे आहे. थोर हिंदी व्यंग्यलेखक हरिशंकर परसाई यांनी सरकारी नोकरी सोडली, काही वर्षे खासगी शाळांत शिकवले आणि १९५७ साली तेही सोडून केवळ लेखणीवर जगण्याचा निर्णय घेतला. १९८२ साली त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या धैर्यापुढे मान लवते. पण परसाई हे अपवाद आहेत आणि अपवादाकडे बोट दाखवून आपण स्वतःची सुटका करून घेतो. 'त्यांच्यासारखे सर्व सोडता येत नाही, म्हणून लिहिता येत नाही' हा युक्तिवाद ऐकायला प्रामाणिक वाटतो. प्रत्यक्षात ती पळवाट असते. सर्व सोडणे आणि काहीच न लिहिणे या दोहोंमध्ये फार मोठे मैदान मोकळे आहे.

त्या मैदानात आपल्याच व्यवसायातील माणसे वावरून गेली आहेत. रत्नाकर मतकरी १९७८ पर्यंत बँक ऑफ इंडियात नोकरीला होते. 'बालनाट्य' ही संस्था त्यांनी १९६२ साली स्थापन केली, म्हणजे महाराष्ट्रातील मुलांना जो आनंद त्यांनी दिला, त्याचा पाया बँकेच्या हजेरीपटावर सही करीत असतानाच घातला गेला. तिकडे लंडनमध्ये टी. एस. एलियट १९१७ ते १९२५ या काळात लॉइड्स बँकेत काम करीत होते. आधुनिक इंग्रजी काव्याची दिशा बदलणारी 'द वेस्ट लँड' ही त्यांची कविता १९२२ साली, म्हणजे ते बँकेत असतानाच, प्रसिद्ध झाली. त्यांची या नोकरीतून सुटका करावी म्हणून मित्रांनी वर्गणी जमवण्याचा घाट घातला. एलियट मात्र बँकेतच राहिले. नियमित वेतनाचे मोल त्यांना मित्रांपेक्षा अधिक कळले असावे.

यावर कोणी म्हणेल की, ही मोठी माणसे. सामान्यांना प्रतिभा कोठून आणावी? याचे उत्तर भेडाघाटच्या नावाड्यांनी दिले आहे. वल्ही मारता मारता हे लोक प्रत्येक कड्यावर, प्रत्येक वळणावर यमके जुळवीत बोलत असतात. त्यात विनोद असतो, टोमणा असतो, एखादी दंतकथाही असते. नाव कोणालाच मिळत नाही. पण काम आणि शब्द यांची फारकत करावी लागते, हे त्यांना कोणी शिकवलेले नाही.

आणि आपल्या घरचे उदाहरण बहिणाबाई चौधरी यांचे. शेतात आणि घरात राबताना, जाते ओढताना त्यांना ओव्या सुचत आणि त्या गात. त्यांना लिहिता वाचता येत नव्हते. त्यांचे कवी पुत्र सोपानदेव यांच्यामुळे त्या रचना कागदावर उतरल्या आणि जपल्या गेल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई निवर्तल्या. 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने व प्रस्तावनेसह १९५२ साली प्रसिद्ध झाला. जे उतरवून घेतले गेले ते महाराष्ट्राचे झाले. जे राहिले ते जात्याच्या घरघरीबरोबर विरून गेले. ज्या माउलीला अक्षर ठाऊक नव्हते, तिने कामाची सबब सांगितली नाही. आपल्याला अक्षर येते, वही परवडते, खिशातल्या मोबाइलवरही देवनागरी लिहिता येते; आणि सबब मात्र आपण सांगतो.

'छंद' या शब्दाचा दुसरा अर्थ येथे आठवावा. छंद म्हणजे आवड, तसेच छंद म्हणजे वृत्त. वृत्त मात्रांच्या आणि अक्षरांच्या नियमाने उभे राहते. आवडीचेही तसेच आहे. तिला मुहूर्त लागत नाही, नेम लागतो. आवर्ती ठेवीचा हप्ता लहान असतो, पण तो चुकत नाही, म्हणूनच मुदतीअखेर हाती काही लागते. रात्री जेवणानंतरची वीस मिनिटे, रविवारची एक सकाळ, प्रवासातील एखादा तास, इतक्याच भांडवलावर लेखन उभे राहू शकते. पहिल्या वर्षी साहित्य निर्माण होईल, अशी अपेक्षाही नको. स्वतःचे वाक्य स्वतःला ओळखू येऊ लागले, तरी ते व्याज कमी नाही.

बँकेतील माणसाने एक मर्यादा अवश्य पाळावी. निव्वळ साहित्यिक स्वरूपाच्या लेखनाला आपल्या वर्तणूक नियमांनी वाट मोकळी ठेवली आहे. पण ग्राहकाचे खाते, त्याची अडचण, त्याचा व्यवहार हा आपल्याकडे ठेवलेला विश्वास आहे, कथेचा कच्चा माल नव्हे. आपण शिकावे ते माणसांच्या स्वभावाविषयी. नाव आणि आकडा मात्र तिजोरीतच राहू द्यावा. इतके पथ्य सांभाळले, तर माणसे पाहण्याची इतकी मोठी संधी दुसऱ्या कोणत्या टेबलावर मिळणार?

जबलपूरसारख्या गावात या विषयाला आणखी एक बाजू आहे. १८१७ पर्यंत हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. पुढे रेल्वे, संरक्षण कारखाने आणि कचेऱ्या यांच्या निमित्तानेही मराठी कुटुंबे येथे येत राहिली. घरात मराठी, दारात हिंदी, अशा रीतीने त्यांच्या पिढ्या वाढल्या. येथील आजीच्या तोंडी जी मराठी ऐकू येते, तिला हिंदीचा हेल आहे, काही जुने शब्द आहेत आणि तिची स्वतःची अशी गोडी आहे. ही मराठी पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत सापडणार नाही. तिच्यासाठी कोणी नामवंत लेखक धावून येईल, अशी चिन्हे नाहीत. बहिणाबाईंच्या गाण्यांनी खानदेशातील बोली साऱ्या महाराष्ट्राच्या कानी घातली. येथील बोली, येथील सण, येथे येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांच्या हकीकती लिहून ठेवणारा असेल, तर तो रेल्वेतला, कारखान्यातला, शाळेतला किंवा बँकेतला छंदिष्टच असेल. त्याने निवृत्तीची वाट पाहिली, तर तोवर सांगणारी माणसे उरतीलच, याची हमी कोणती बँक देणार?

म्हणून आमच्या सहकाऱ्यांना आणि सुजाण ग्राहकांना एवढेच सुचवावेसे वाटते. घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला या आठवड्यात एक प्रश्न विचारा : आपले घराणे या गावी कसे आले? त्या उत्तरासाठी एक साधी वही घाला, वर तारीख टाका आणि ते जसे बोलतील तसेच, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. भाषा सुधारू नका. दुसऱ्या पानावर काय लिहावे, हा प्रश्न मग पडणार नाही.